पाणमांजरं, धनेश आणि राहिलेली तिसरी मॅच

सिंगापुरात राहून ज्या बाईच्या कपाटात तीन माकडटोप्या, चार लोकरी मोजे आणि गुडघ्यापर्यंत येणारा जाड स्वेटर सापडेल, ती बाई एकतर नुकतीच पुण्याहून आलेली असेल किंवा ती सुलेखा धारप असेल. सुलेखाला इथे येऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. एका जहाज कंपनीत ती हिशेबखात्यात होती, टॅम्पिनीसमध्ये स्वतःचा फ्लॅट होता, बेडोकच्या हॉकर सेंटरमधला, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतला, कॉफीवाला तिला बघितल्यावर न विचारता बिनसाखरेची कॉफी ओतायचा. या सगळ्यात माकडटोपी कुठे बसते, असा प्रश्न शेजारणींना पडे. बसत होती ती बर्फावर. सुलेखा आइस हॉकीत गोलकीपर होती.

हे एकदा सांगून कुणाला पटलं असेल तर शपथ. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी नवीन बाई भेटली की संवाद ठरलेला असे. "तुम्ही काय करता?" "अकाउंट्समध्ये आहे. आणि रविवारी बर्फावर गोलकीपिंग करते." मग समोरची बाई हसायची, आणि सुलेखा हसत नाही हे दिसलं की मोदकाकडे वळायची.

सुरुवात तिच्या मुलीपासून झाली. मैत्रेयी सात-आठ वर्षांची असताना तिला स्केटिंगचं खूळ लागलं. पश्चिमेकडच्या एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर तेव्हा मोठी रिंक होती. बाहेर घामाच्या धारा आणि आत दात वाजवणारी थंडी. रविवारी भल्या सकाळी मैत्रेयी बर्फावर गोल गोल फिरे आणि सुलेखा बाकावर शालीत गुरफटून ऑफिसचे कागद तपासत बसे. मुलांचा वर्ग संपला की हॉकीवाले येत. त्यांच्यात कॅनडाचे, फिनलंडचे, इथले चिनी, दोन-तीन पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, असा सगळा मामला. एका रविवारी त्यांचा गोलकीपर आलाच नाही. ग्लेन नावाचा एक आडदांड कॅनेडियन बाकांपाशी येऊन सगळ्यांना उद्देशून म्हणाला, की कुणी नुसतं उभं राहिलं तरी चालेल, स्केटिंग येण्याचीही गरज नाही.

सुलेखा कॉलेजात हँडबॉलच्या संघात गोलकीपर होती. लग्नानंतर ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती. तिनं कागद पिशवीत घातले आणि हात वर केला. तासाभरानं तिच्या दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या आणि चेहरा असा फुलला होता की मैत्रेयी म्हणाली, "मम्मी, यू लुक सो हॅपी, स्केरी लाह."

घरी नवरा निशिकांत पेपर वाचत होता. हा बँकेत ऑडिटर. त्यानं चष्म्यावरून बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोक तुझ्यावर रबराच्या चकत्या फेकतात, आणि तू मधे उभी राहतेस?"

"हो."

"आणि त्याला पैसे आपण भरतो?"

"हो."

"छान," म्हणून तो पुन्हा पेपरात शिरला. थंडीनं आपल्याला सर्दी होते, या सबबीवर पुढच्या वीस वर्षांत तो एकदाही मॅच बघायला आला नाही. सुलेखाला त्याचं वाईट वाटलं नाही असं ती म्हणायची. ऑडिटरची बायको असली की काही गोष्टी खर्ची टाकायला शिकावं लागतं.

*

तर लीग. हौशी लोकांची, कसलंही नाव नसलेली. सुलेखाच्या संघाचं नाव ऑटर्स. ईस्ट कोस्टच्या कालव्यांत पाणमांजरांची कुटुंबं राजरोस फिरतात, त्यावरून पडलेलं. सुलेखा घरी त्यांना पाणमांजरंच म्हणे. वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसांतल्या पोरांचा संघ तो हॉर्नबिल्स, म्हणजे धनेश. आणखी एक-दोन संघ दरवर्षी नव्यानं निघत आणि म्होरक्याची बदली झाली की बुडत.

या लीगला प्लेऑफचं वेड लावलं ते ग्लेननं. तो तेलविहिरींच्या यंत्रांचा माणूस, पण तरुणपणी कॅनडातल्या मायनर लीगमध्ये खेळलेला. मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्या त्या. बर्फात गाडलेली छोटी गावं, रात्रभर चालणाऱ्या बसगाड्या, दिवसा लाकडाच्या वखारीत काम करून संध्याकाळी खेळणारी पोरं. मॅचनंतर कॉफीचा कप हातात धरून ग्लेन सांगायला लागला की त्याला थांबवणं कठीण. वर्षभर सगळे संघ खेळतात, तक्ता लागतो, आणि मग वरच्या संघांचं सगळं पुसून पुन्हा शून्यापासून लढाई, ती प्लेऑफ. पण छोट्या लीगांत या लढाईलाही धड एक नियम नसे. कुठे सहा संघ असत आणि सहाही प्लेऑफला जात, कारण घरच्या प्रेक्षकांची तिकिटं खपायला हवीत. कुठे सात मॅचची मालिका पाचावर आणली जाई, कारण नंतरच्या आठवड्यात त्याच हॉलमध्ये सर्कस यायची असे. एका संघाच्या रिंकचं यंत्र बिघडून बर्फ वितळला, तर त्यानं आपल्या घरच्या मॅचेस शत्रूच्या गावात, शत्रूच्या शिव्या खात खेळल्या. आणि एकदा तर ऐन फायनलच्या मध्यावर अख्खी लीगच दिवाळखोरीत गेली. त्या गावात, ग्लेन म्हणे, म्हातारे अजून सांगतात की आपली फायनल चालू आहे.

सुलेखाला हे आधी मुळीच पटलं नव्हतं. "वर्षभर जो पहिला आला त्याचे गुण पुसून टाकायचे? ही कुठली रीत? आम्ही मार्चमध्ये पुस्तकं बंद केली की केली."

"म्हणूनच तर अकाउंट्स बघायला कुणी तिकीट काढून येत नाही," ग्लेन म्हणाला.

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्या वर्षी पहिली प्लेऑफ झाली. तीन संघ होते. तक्त्यात पहिल्या आलेल्या पाणमांजरांना विश्रांती मिळाली, उरलेले दोघे लढले आणि जो जिंकला तो तापलेल्या अंगानं फायनलला आला. पाणमांजरं मात्र दोन आठवडे लाक्साच्या शेवया खाऊन सुस्तावली होती. सपशेल हरली. सुलेखा त्या रात्री जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिनं ग्लेनला फोन करून सांगितलं की पुढच्या वर्षीपासून फायनल तीन मॅचची पाहिजे, एका मॅचमध्ये खरं काय ते कळत नाही. ग्लेन फोनवर इतका वेळ हसत होता की तिला वाटलं लाइन गेली. बाई लागली होती गळाला.

तिथून पुढे प्लेऑफचे नियम करणं हे सुलेखाचं काम झालं. दिवाळीत निम्मे धनेश पुण्याला पळतात म्हणून प्लेऑफ मार्चमध्ये नेली. एक वर्षी पाच संघ झाले तर चौथ्या-पाचव्यासाठी वेगळी मॅच लावली. एकदा एका संघानं कामानिमित्त चार दिवस आलेला हेलसिंकीचा एक पाहुणा खेळवला. त्यानं एकट्यानं इतके गोल केले की समोरच्या गोलकीपरनं, म्हणजे सुलेखानंच, शेवटी मोजणं सोडून दिलं. त्यानंतर तिनं जो नियम केला त्याचा तिला फार अभिमान होता. फायनल सुरू झाली की यादी बंद. पहिल्या मॅचला जो बर्फावर उतरला, तोच शेवटच्या मॅचला उतरणार. नवा माणूस नाही, पाहुणा नाही, कुणाचा मेहुणा नाही. आणि ज्या संघाकडे गोलकीपर नसेल त्यानं मॅच सोडून द्यायची. ग्लेननं डोळे मिचकावत सही केली.

या सगळ्या वर्षांत पाणमांजरं चार वेळा फायनलला गेली आणि चारही वेळा हरली. सुलेखाचं एवढंच मागणं होतं देवाकडे, एकदा. फार नाही, एकदा.

पाचव्या फायनलला ते होणारच होतं. २०२० चा मार्च. समोर धनेश. पहिली मॅच पाणमांजरांनी मारली, दुसरी धनेशांनी. तिसरी पुढच्या रविवारी. पण तो रविवार उजाडण्याआधी साथीमुळे रिंकला कुलूप लागलं, आणि मग सगळा देशच घरात बसला. आधी वाटलं महिन्याभराचा प्रश्न आहे. मग एकेकाची नोकरी गेली, एकेकाचा कामाचा पास संपला. कुणी टोरांटोला, कुणी बंगळुरूला. धनेशांचा गोलकीपर युहानी फिनलंडला गेला तो गेलाच. ग्लेनही घरी परतला, आणि दोन हिवाळ्यांनंतर त्याच्या बायकोचा निरोप आला की तो गेला. मोठ्या रिंकचा मॉल बंद झाला, पाडला, तिथे आता कॉंडो उभा राहतोय. एका करमणूक केंद्रातल्या छोट्या रिंकवर नव्या पोरांनी नवी लीग काढली, नवा कप आणला. जुन्या लीगबद्दल त्यांना विचारलं तर ती मोबाइलमधून मान वर करत, एवढंच.

जुना कप सुलेखाकडे राहिला. फ्लॅटमधल्या शेल्टरमध्ये. सरकारी फ्लॅटात जाड पोलादी दाराची ही छोटी खोली बॉम्ब पडले तर लपायला दिलेली असते, आणि माणसं तिच्यात तांदूळ ठेवतात. दर चिनी नववर्षाला धनेशांचा कॅप्टन बून हेंग, शाळेत फिजिक्स शिकवणारा शांत माणूस, तिला न चुकता मेसेज पाठवी. "ऑन्टी, स्टिल वन-ऑल आह." म्हणजे अजून एक-एक. तीही उत्तर देई, "स्टिल वन-ऑल."

*

निशिकांत निवृत्त झाला आणि त्यानं पुण्याचं टुमणं लावलं. बाणेरला फ्लॅट घेऊन ठेवलेला होता. मैत्रेयी मेलबर्नला नोकरी करत होती, इथे दोघंच. "पाडव्याला तिकडे गुढी उभारू," तो म्हणायचा. सुलेखा हो म्हणायची आणि तारीख विचारली की विषय बदलायची. कधी ऑफिसचं ऑडिट, कधी दातांची अपॉइंटमेंट. निशिकांत चिडला नाही, पण जानेवारीत त्यानं एक दिवस उठून शेल्टर आवरायला घेतलं, आणि तांदळाच्या पोत्यामागून कप बाहेर आला.

"हा पण पुण्याला न्यायचा का? कणीक मळायला बरा आहे."

"तो आपला नाही," सुलेखा म्हणाली.

"मग कुणाचा?"

कप कुणाचाच नव्हता. जायचं तर तो कुणाच्या तरी हातात देऊन जायला हवं होतं, आणि द्यायचं तर आधी मॅच व्हायला हवी होती. तिला त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ कळलं की ती पुण्याची तारीख का देत नाहीये. तिची फायनल चालू होती. फायनल चालू असताना गाव सोडून कुणी जातं का?

तिनं जुन्या ग्रुपवर लिहिलं. कोण कोण इथे आहे? आठवडाभरात उत्तरं आली. तिला सोडून पाणमांजरांतले चौघं अजून सिंगापुरात होते, धनेशांतलेही चौघं. रिंकवर रविवारी सकाळी अर्धा बर्फ भाड्यानं मिळत होता. आणि गोलकीपर एकच होती.

ठरवायला सगळे ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये जमले. पाणमांजरांचा तन्मय, पुण्याचा, चिडक्या स्वभावाचा पण हाताचा जादूगार, आता चाळिशी ओलांडलेला आणि पोट सुटलेला. त्यानं साटेची, इथल्या कबाबाची, काडी खाली ठेवली आणि मराठीत हळूच म्हणाला, "काकू, मॅचची गरजच काय? यांच्याकडे गोलकीपर नाही. गोलकीपर नसेल तर मॅच सोडून द्यायची, हा नियम तुमचाच ना?"

"माझाच."

"मग झालं की. कप आपला. आज, आत्ता."

बून हेंगला मराठी येत नव्हतं, पण माणूस शिक्षक होता, चेहरे वाचण्यात आयुष्य गेलेलं. तो म्हणाला, "ऑन्टी, इट्स ओके लाह. रूल इज रूल. यू टेक." आणि त्यानं खरंच मनापासून हसून स्वतःची उसाच्या रसाची बाटली तिच्याकडे सरकवली.

सुलेखाला मोह झाला नाही असं सांगितलं तर ते धादांत खोटं ठरेल. चार फायनल हरलेली बाई ती. नियम तिचा, सही ग्लेनची, समोरचे राजी. पदरात पडत होतं ते घ्यायचं आणि पाडव्याला पुण्याला जायचं. दोन दिवस तिनं हा विचार जिभेवर घोळवला. पण ज्या क्षणी ती मनात म्हणे, आम्ही जिंकलो, त्या क्षणी पुढचा प्रश्न येई, कधी? आणि उत्तर येई, साटे खाताना. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून तिनं सगळ्यांना कळवलं. नियम म्हणतो की फायनलला पहिल्यापासून असलेलाच गोलकीपर चालेल. तशी एकच आहे. तर अर्धा बर्फ, एकच गोल, आणि दोन्ही संघांसमोर मी. सरावाला आपण असंच खेळायचो. चकती हिसकावली की आधी गोलपासून लांबच्या रेषेपलीकडे न्यायची आणि मग हल्ला करायचा.

तन्मयचा लगेच फोन आला. "काकू, म्हणजे तुम्ही आमचे पण गोल अडवणार?"

"तर काय, तुझ्यासाठी दार उघडून बाजूला उभी राहू?"

तन्मयनं फोन ठेवला.

*

रविवारी सकाळी निशिकांत पँट-शर्ट घालून, वर पुण्याहून आणलेला स्वेटर आणि सुलेखाची माकडटोपी चढवून दारात उभा राहिला. "तुझी ती पेटी कोण उचलणार? गुडघा बघ तुझा," तो म्हणाला. वीस वर्षांत पेटी तीच उचलत होती, हे सुलेखानं बोलून दाखवलं नाही.

रिंकच्या दुसऱ्या अर्ध्या भागात लहान मुलांचा वर्ग चालू होता. पेंग्विनच्या आकाराच्या प्लास्टिकच्या ढकलगाड्यांना धरून पोरं बर्फावर रांगत होती आणि त्यांच्या आया बाकांवर कुडकुडत फोन बघत होत्या. अलीकडच्या भागात आठ वयस्क गडी आणि गोलपुढे सुलेखा, पॅड बांधून, जाळीचं हेल्मेट घालून. निशिकांत त्या आयांच्या शेजारी बसला. जवळच्या एकीनं त्याला विचारलं, कोणता मुलगा तुमचा? त्यानं गोलकडे बोट दाखवलं.

सुरुवातीला सगळेच तिला सांभाळून मारत होते. चकती येत होती ती टपालासारखी, आरामात. सुलेखानं दोन-तीनदा सहन केलं आणि मग काठी बर्फावर आपटली. "मार नीट," ती तन्मयवर खेकसली, आणि तेच इंग्रजीत बून हेंगवर. त्यानंतर खेळाला रंग चढला. म्हातारे झाले होते सगळे. वळताना पडत होते, पडल्यावर उठायला वेळ घेत होते, धापा टाकत एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवत होते. पण हात विसरले नव्हते. चकती काठीवरून काठीवर जाताना जो खट्ट आवाज होतो, तो सहा वर्षांनी सुलेखाच्या कानावर पडला. मोठी रिंक तिला दिसायला लागली, ग्लेनचा लाल चेहरा, युहानीचं ते मॅचआधी गोलच्या खांबांशी पुटपुटणं, बाकावर झोपलेली मैत्रेयी. तिला ही सगळी माणसं परत हवी होती, आत्ता, इथे, अर्ध्या बर्फावर. तिला त्यांची भयंकर आठवण आली.

आणि नेमकं तेव्हाच बून हेंगनं मारलेली चकती तिच्या दोन्ही पायांमधून आत गेली.

धनेश ओरडले. पाणमांजरांनी वळून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला समजला. निष्पक्षपणा दाखवायला तिनं गोल सोडला तर नाही? सुलेखानं स्वतःलाच विचारलं. लक्ष उडालं होतं हे खरं. का उडालं, ते खांबांना ठाऊक.

पुढचा सगळा वेळ पाणमांजरं तिच्यावर तुटून पडली. तिनं अडवलं ते छातीनं, खांद्यानं, एकदा हेल्मेटनं. आपल्याच माणसांचा राग असा अंगावर घेताना तिला रडू येत होतं आणि हात मात्र चोख चालत होते. मनातून ती म्हणत होती, जाऊ दे एक, अरे एक तरी जाऊ दे. रिंकचा माणूस काठाशी येऊन घड्याळ दाखवून गेला. आता शेवटचं मिनिट.

तन्मय रेषेपलीकडून एकटाच सुटला. बून हेंग पाय घसरून पडला होता, मधे कुणी नव्हतं. सुलेखाला हा तन्मय पाठ होता. उजवीकडे मारतोय असं दाखवायचं, खांदा सुद्धा तसा टाकायचा, आणि काठी उलटी करून डावीकडे सरकवायची. सरावाला तिनं हे शेकडो वेळा बघितलं होतं, आणि तिला ते पाठ आहे हे त्यालाही पाठ होतं. तो तिच्या डोळ्यांत बघत आला. क्षणभर उशीर पुरला असता. जगात कुणाला कळलं नसतं. एक-एक झालं असतं, मग वाढीव वेळ, मग कोण जाणे. त्यानं उजवा खांदा टाकला. सुलेखाला ठरवायला वेळ मिळाला असता तर तिनं कदाचित तो गोल सोडलाही असता. पण पायाला कुणी विचारलंच नाही. तिचा उजवा पाय आपला आपण पसरला, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि चकती पॅडच्या टोकाला लागून बाहेर गेली.

शिट्टी झाली.

थोडा वेळ ती तशीच बर्फावर पसरलेली होती. तन्मय काठीवर वाकून उभा होता. मग तो आला आणि त्यानं हात पुढे केला. तिला उठवताना म्हणाला, "काकू, मला वाटलं होतं तुम्ही सोडाल."

"मलाही," सुलेखा म्हणाली.

त्याला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असताना येतं तसं. प्लेऑफची मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांना हात देतात, एरवी देत नाहीत. सुलेखा कुठल्या रांगेत उभी राहायची, हा पेच बून हेंगनं सोडवला. त्यानं आठही जणांना एकाच रांगेत उभं केलं आणि तिला समोर. ती प्रत्येकापाशी थांबली. कुणी "थँक यू" म्हणालं, कुणी नुसतं हेल्मेट तिच्या हेल्मेटला टेकवलं. शेवटी बून हेंग. घरून आणून काठावर ठेवलेला कप तिनं त्याला दिला. त्यानं कप एका हातात सांभाळत म्हटलं, "ऑन्टी, नाऊ नेक्स्ट नववर्षाला आय टेक्स्ट यू व्हॉट?" नववर्ष हा एकच मराठी शब्द त्यानं तिच्याकडून उचललेला होता. सुलेखानं त्याच्या गालावर हातमोज्यानं थोपटलं आणि ती बर्फावरून उतरली.

बाकावर बसून तिनं हेल्मेट काढलं. निशिकांत खाली वाकून तिच्या पॅडचे पट्टे सोडायला लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. नाक लाल झालं होतं, सर्दी खरंच होत असावी. पण डोळे असे चमकत होते की सुलेखाला हा माणूस ओळखीचा वाटेना.

"तो शेवटचा," तो म्हणाला, "तो तुझ्याच संघाचा होता ना?"

"हो."

"मी उभा राहिलो होतो. त्या बाईनं बाकापाशी ठेवलेला पेंग्विन कलंडला माझ्यामुळे." तो पट्ट्याशी झटापट करत राहिला. "तू अशी खेळतेस? वीस वर्षं तू अशी खेळत होतीस?"

"अशीच. हरायचो बहुतेक."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

यावर ती हसली. एक पट्टा सुटला. निशिकांतनं दुसऱ्याला हात घातला आणि मान वर न करता विचारलं, "पुढची कधी असते?"

सुलेखानं बर्फाकडे बघितलं. पाणमांजरं आणि धनेश मिळून गोल उचलून काठाला नेत होते. मुलांच्या वर्गाला आता पूर्ण बर्फ मिळणार होता.

"पुढची नाही रे, निशी," ती म्हणाली. "फायनल होती. संपली. तू तिकिटं काढ आता."

निशिकांतचे हात पट्ट्यावर थांबले. मग उठून तो तिच्या शेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "काढतो. उद्या काढतो." दुसऱ्या पायाचं पॅड तसंच राहिलं होतं आणि दोघांपैकी कुणालाच ते सोडायची घाई नव्हती.